चंचीचं वजन

आमच्या घराला चिठ्ठी लागली ती सोमवारी सकाळी, आणि ती काही भाग्याची चिठ्ठी नव्हती. राजधानीतून मोजणीची माणसं आली होती. देशातले लोक कोकाचं पान किती खातात ते घरोघर जाऊन बघायचं, असा हुकूम. सगळी घरं बघायला त्यांना सवड कुठली? म्हणून गावच्या त्र्याहत्तर घरांतून दहा चिठ्ठ्या उचलल्या. एक निघाली आमच्या पानवाल्या शेतकऱ्यांच्या संघटनेचा सरचिटणीस गुमर्सिंदो याच्या घरची, एक शेजारच्या पाउलिनाची, आणि सातवी आमची.

"सात दिस ती मोजणीची पोरगी रोज तुझ्या दारात उभी ऱ्हाणार," पाउलिना कुंपणावरून म्हणाली. "आता तरी अंगण झाडत जा गं एल्विरा."

"तुझं झाडून झालं की झाडू दे इकडं," मी म्हणाले. पाउलिनाला उत्तर दिलं नाही तर ती आजारी पडते.

गुमर्सिंदोनं दहा घरच्या माणसांना शाळेच्या पडवीत बोलावलं. साठीचा गडी, पोट सुटलेलं, आवाज डोंगराला ऐकू जाईल असा. तो म्हणाला, "ध्यान देऊन ऐका. देश जेवढं पान चावतोय तेवढ्याच पानाला कागदावर जमीन मिळणार. त्याच्यावर जे उगवंल ते नशेच्या पावडरीच्या भट्टीला जातंय असं सरकार धरणार. मग शिपाई येणार आणि वरचा उतार उपटणार. कळलं का?"

कळायचं काय राहिलं होतं! वरच्या उतारावर तीन वर्षांपूर्वी आम्ही निम्म्या गावानं नवी लागण केली होती. आमच्या बावीस पायऱ्या तिथं आहेत. हाताएवढ्या रुंद पायऱ्या, प्रत्येक पायरीची माती फळीनं ठोकून ठोकून भिंतीसारखी केलेली. माझ्या नवऱ्याचा, सेवेरोचा, उजवा खांदा त्या ठोकण्यात गेला, अजून थंडीत तो हात डोक्यावर नेता येत नाही त्याला. माझ्या अंगठ्याचं नख तिथंच गेलं. रोपं आता कुठं कमरेला लागली होती.

"खोटं बोला आसं मी म्हणत न्हाई," गुमर्सिंदो म्हणाला. "पण ह्या सात दिसांत कुणी हात आखडायचा न्हाई. गाल रिकामा दिसता कामा न्हाई."

सेवेरोनं तिथंच चंची सोडली आणि एवढा बोकणा भरला की त्याला हो म्हणता येईना, नुसती मान हलवली.

मोजणीची पोरगी नोएमी नावाची होती. शहरात वाढलेली, बारीक, नव्या बुटांनी टाचा सोललेल्या. तिनं ओट्यावर छोटा काटा मांडला. आमच्या तिघांच्या चंच्या एकेक करून त्यावर ठेवल्या आणि आकडे लिहिले. सकाळी वजन करायचं, दिवस मावळायला पुन्हा वजन, सकाळच्यातून संध्याकाळचं वजा केलं की त्या माणसानं दिवसात खाल्लं किती ते निघतं. कागदावर रकाने तेवढेच होते.

"नेहमी खाता तेवढंच खा हं दादा," ती सेवेरोकडे बघून म्हणाली.

"एवढंच खातो," सेवेरो म्हणाला. ते 'एफफफ' असं काहीतरी ऐकू आलं.

तिसरी चंची माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळं गाव ताता म्हणतं, मीही. एकाहत्तर वर्षांचे, पाठ अजून ताठ. ती चंची माझ्या सासूनं विणलेली, तांबडी न् काळ्या पट्ट्यांची, सासू जाऊन नऊ वर्षं झाली तरी एक धागा सुटलेला नाही. पायऱ्या खणायच्या कामाला गाव जमलं की पहिली ओळ ताताची. ते एक डोळा मिटून उताराकडे बघतात, काठीनं रेघ ओढतात, आणि ती रेघ चुकली असं अजून झालेलं नाही.

"पोरी, माझी चंची जपून धर," ते नोएमीला म्हणाले. "तिला काट्याची सवय न्हाई." पुढचे चार दात दाखवून हसले. तातांचं हसणं तोंडभर दिसतं.

मंगळवारी तोड होती. उजाडायच्या आत मी न् पाउलिना खालच्या मळ्यात शिरलो. कमरेला ओटीचं फडकं बांधायचं, दोन्ही हातांनी पान खुडायचं, देठाशी नख लावायचं नाही, नाहीतर झाड रुसतं. दहा वाजेपर्यंत कंबर मोडते, मग मोडली आहे हे विसरायला होतं. दुपारी ओली पानं फरशीच्या खळ्यावर पसरली. चार तास ऊन मिळालं की पान हिरवंगार वाळतं, उलट्या बाजूनं चांदी दिसते. पण दोनलाच खालच्या खोऱ्यातनं ढग वर चढले.

"आलं गं आलं!" पाउलिना ओरडली. सेवेरो झाडू घेऊन धावला, मी गोणपाट घेऊन, नोएमी कुठं निघाली होती तीही बूट काढून अनवाणी धावली. पान ओलं झालं की काळं पडतं, काळ्या पानाला कुत्रं विचारत नाही. आम्ही शेवटची गोणी पडवीत ओढली आणि सरी कोसळली. नोएमीच्या केसांत पानं अडकलेली. हसता हसता ती ओट्यावर बसली आणि मी तिला वाटीभर शेंगदाण्याचं सार दिलं. मला ती पोरगी तिथंच आवडली.

संध्याकाळी तिनं चंच्या तोलल्या. सेवेरोची एकशे दहा ग्रॅमनं कमी झाली होती. माणसाची नाही, बैलाची वैरण ती! माझी पंचवीसनं कमी. तातांची तीस ग्रॅमनं जास्त.

नोएमीनं काटा पुसला, परत तोलली. तेवढीच.

"आजोबा, तुम्ही हिच्यात पानं भरलीत का?"

"म्या कशाला भरू? लोकांनी दिली."

यात तातांची काही चूक नव्हती. आमच्याकडे दोन माणसं वाटेत भेटली तर आधी चंच्या सुटतात, मग तोंडं. मी माझी चिमूट तुझ्या ओंजळीत टाकायची, तू तुझी माझ्या. दोन्ही हातांनी घ्यायची. म्हाताऱ्या माणसाला मूठभर द्यायची आणि त्याच्याकडून चिमूट घ्यायची. दिलेलं पान मोजणं म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याच्या भाकऱ्या मोजणं. आणि तातांना तर दिवसभरात वीस माणसं भेटतात.

"मग दिलेलं न् घेतलेलंही लिहू या," नोएमी म्हणाली. "मी दिवसभर तुमच्यासोबत चालते, प्रत्येक वेळी काटा—"

"न्हाई पोरी," तातांनी हात वर केला. "मला लोकांत ऱ्हायचंय."

बुधवारी तातांची चंची चव्वेचाळीस ग्रॅमनं जड झाली, आणि हे गावभर झालं. पाउलिनानं केलं, दुसरं कोण करणार? खाऊन वाढणारी चंची! भुईमायचा हात फिरलाय तिच्यावर, असं कुणीतरी म्हणालं. मग काय, गुरुवारी सकाळपासून आमच्या दारात रांग. जिची गाय आटली ती आली, ज्याचा पोरगा खाणीत गेलाय तो आला. तातांच्या ओंजळीत आपली मूठ टाकायची आणि त्यांच्या चंचीतलं एक तरी पान घेऊन जायचं. गुमर्सिंदो तर दिवसातनं तीनदा आला, प्रत्येक वेळी मूठ भरभरून.

"ताता, तुमच्या हातचं एक पान द्या. गावाचं भलं होऊ दे."

"आरं गुमर्सिंदो, गावाचं भलं हुईल, पर माझी चंची फाटंल की," ताता म्हणाले. ते खूश होते. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं? मी आत भांडी घासत होते आणि मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

सेवेरोचं मात्र वाईट चाललं होतं. गाल आतनं सोलला, जीभ लाकूड झाली. पान खाऊन भूक मेली, मी केलेलं सार तसंच राहायचं. दिवसभर कुदळ मारायचा आणि दमतच नव्हता, त्यामुळं त्याचं कुदळ मारणं बघून बाकीचे दमायचे.

"आवं, थुका आता," मी म्हणाले.

"फ्फावीस पाय्या," तो म्हणाला. बावीस पायऱ्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

गुरुवारी संध्याकाळी तातांची चंची एकशे बारा ग्रॅमनं जड. नोएमीनं आकडा लिहिला नाही. ती शाळेच्या मागच्या टेकाडावर गेली, तिथं फोन लागतो, आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. गुमर्सिंदो आणि मी ओट्यावर होतो.

"साहेब म्हणतात, असा उलटा आकडा कुठल्याच देशात नसतो. मी घरी बसून आकडे भरते असं म्हणाले." तिनं नाक पुसलं. "रविवारपर्यंत असंच येत राहिलं तर या गावाचे दहाच्या दहा कागद बाद. तुमच्या जागी खालच्या गावाचे आकडे धरणार."

गुमर्सिंदोचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "खालचं गाव संत्री लावतंय. तितं म्हातारी माणसं सोडली तर पानाला कोण हात लावतंय?"

"म्हणूनच सांगतेय."

म्हणजे वरचा उतार गेला. मी उठले आणि कोंबड्या डालल्या.

शुक्रवारी मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले. तातांचा सदरा उलटा करताना खिशात काहीतरी लागलं. मक्याच्या सालाची घट्ट वळलेली गुंडाळी, बोराएवढी. ओलसर, गुळगुळीत झालेली. मला वाटलं कशाचं तरी बूच असेल. दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात तशीच एक. मी ती हातात धरून दगडावर बसले, आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. सहज मी ती माझ्या गालाशी बाहेरून लावून बघितली. बरोबर तेवढीच. तेवढाच फुगवटा.

दोन वर्षं झाली, ताता भाजलेला मका नको म्हणायचे. "पोटाला जड जातो," म्हणायचे. बटाटा सारातच कुस्करून मागायचे. पुढचे चार दात शाबूत, हसले की तोंड भरलेलं, मग मागं बघतंय कोण? तातांना एकही दाढ उरली नव्हती. दाढेशिवाय पान नुसतं गालात धरलं तर देठ हिरड्यांत घुसतात, तोंड रक्ताळतं. म्हणून दोन वर्षं हा माणूस कामाच्या सुट्टीत सगळ्यांसोबत बसून पान निवडत होता, फुंकर मारून भुईमायचं नाव घेत होता, मूठ तोंडाशी नेत होता, आणि पान परत चंचीत आणि गालात मक्याचं साल.

मला आधी हसू आलं, मग ते गेलं. भूक, थंडी, दम, सगळं पानावर काढायची सवय असलेला माणूस दोन वर्षं कोरड्या तोंडानं पहिल्या ओळीत कुदळ मारत होता. आणि आम्ही एका चुलीवरचं खाऊन आम्हाला पत्ता नाही.

उपाय होता, न सांगता येण्यासारखा. खालच्या गरम मुलखात ट्रकवाले पान कुटून खातात, पाट्यावर ठेचून, सोडा लावून, मऊ लगदा करून. सेवेरोचा चुलतभाऊ ट्रक चालवतो, तो एकदा असं कुटलेलं पान घेऊन आला होता तेव्हा तातांनी भरल्या पंगतीत त्याची इतकी टर उडवली होती की तो बिचारा अजून आमच्याकडे जेवायला थांबत नाही. "कुटल्यालं पान? आईला सांग की चावून बी भरवायला!" असं म्हणाले होते ताता. ते वाक्य गावात अजून चालतं. आता त्याच तोंडानं सुनेला कसं सांगणार की बाई, मला कुटून दे?

गुमर्सिंदोला सांगितलं असतं तर त्यानं नोएमीला सांगितलं असतं, नोएमीनं कागदावर लिहिलं असतं, 'या माणसाला दाढा नाहीत', आणि गावाचे कागद वाचले असते. सोपं होतं. पण मला ते करवेना. आणि नाही केलं तर बावीस पायऱ्या. त्या दुपारी मी धुणं तीनदा पिळलं.

शनिवारी पहाटे मी पाटा धुतला. मिरचीचा वास जाईपर्यंत राखेनं घासला. तातांच्या चंचीतली मूठभर चांगली पानं निवडली, देठ काढले, शिरा काढल्या, आणि वरवंटा फिरवायला लागले. पान सुकं असलं की उडतं, म्हणून दोन थेंब पाणी. वर, पानाला चव सुटावी म्हणून सोबत चघळतात ती राखेची वडी किसून घातली. हिरवा वास घरभर झाला.

ताता चुलीपाशी हात शेकत होते. वरवंट्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"काय वाटतीस?"

"पान."

"कुणासाठी?"

मी दोन्ही गुंडाळ्या ओच्यातून काढून त्यांच्यासमोर चुलीच्या कट्ट्यावर ठेवल्या. ते त्यांच्याकडे बघत राहिले. तातांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही.

"सेवेरोला ठाव हाय?"

"न्हाई."

"त्या पोरीला?"

"कुणालाच न्हाई, ताता."

त्यांनी एक गुंडाळी उचलली आणि विस्तवात टाकली. मग दुसरी. "दाढ जाती तवा दुखत न्हाई फारशी," ते म्हणाले. "नंतर दुखतंय. सगळी बसत्यात गाल भरून, आन् आपण आपलं साल चघळत." मग म्हणाले, "तुझ्या सासूला कळलं आसतं पहिल्याच दिशी."

"मला कळायला दोन वर्सं लागली. चुकलं माझं."

मी लगदा पानाच्या द्रोणात घालून पुढं केला. मी मुद्दाम दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी लगेच घेतला नाही. बाहेर सेवेरो खाकरत होता, पाउलिनाचा कोंबडा ओरडत होता. मग तातांनी चिमूटभर उचललं, चुलीपुढच्या मातीवर थोडं भुईमायला ठेवलं, आणि उरलेलं गालात सारलं. डोळे मिटले. मी पाठ केली आणि भांड्यांचा आवाज करत राहिले, कारण तेव्हा त्यांच्याकडे बघणं बरं नव्हतं.

"सोडा घालत न्हाईस तेवढं बरं," बऱ्याच वेळानं ताता म्हणाले. "त्या ट्रकवाल्यावानी."

उरलेला लगदा मी केळीच्या पानाच्या पुडीत बांधून सकाळच्या वजनाआधी त्यांच्या चंचीत ठेवला. शनिवारी त्यांनी घरातच खाल्लं, दार लोटून. संध्याकाळी चंची फक्त सहा ग्रॅमनं जड झाली होती, कारण रांग काही तुटली नव्हती. नोएमीनं सुस्कारा सोडला. "अजून उलटाच आहे आजोबा."

"उद्या बघ," ताता म्हणाले.

रविवारी आमच्या पायऱ्यांचं काम होतं. मंगळवारच्या सरीनं वरच्या उतारावरच्या पाच पायऱ्या ढासळल्या होत्या, आणि गाव एकमेकांच्या कामाला जातं तसं सतरा माणसं आली होती. आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. ताता काठी घेऊन पुढं. रेघ ओढली, पहिली कुदळ मारली. त्या दिवशी ते कसे खणत होते ते मला अजून आठवतं. सेवेरो मागं पडला. नोएमी वर एका दगडावर छत्री घेऊन बसली होती, काटा मांडीवर.

दहाला सुट्टी झाली. सगळे ओळीनं बांधावर बसले, चंच्या सुटल्या. ताता मधोमध. सगळ्यांच्या नजरा त्या वाढणाऱ्या चंचीवर. पाउलिनानं आपली मूठ पुढं केली.

"थांब," ताता म्हणाले. त्यांनी चंचीतून केळीच्या पानाची पुडी काढली, उघडली, आणि हिरवा लगदा सगळ्यांसमोर तळहातावर घेतला.

एक घार खाली खोऱ्यावर फिरत होती, तिचा आवाज ऐकू आला.

"आगंबाई," पाउलिना म्हणाली. "हे तर कुटल्यालं."

"व्हय. माझ्या दाढा गेल्या. दोन वर्सं झाली. म्हणून माझी चंची वाढत हुती, भुईमायचा काय हात-बीत न्हाई त्येच्यात. तुमी देत हुतासा आन् मी ठेवत हुतो." त्यांनी लगदा गालात सारला आणि नीट बसवला. "आता हसायचं आसंल तर हसून घ्या, सुट्टी थोडी हाय."

पाउलिनाचं तोंड उघडलंच होतं. मला ठाऊक होतं काय येणार, आईनं चावून भरवायचं ते. मी तिच्याकडे असं बघितलं की ते तिच्या तोंडातच राहिलं. उभ्या जन्मात पाउलिना पहिल्यांदा गप्प बसलेली मी बघितली.

आणि तेवढ्यात गुमर्सिंदोनं हात पुढं केला. दोन्ही हात, ओंजळ करून.

"ताता," तो म्हणाला, हळू, "त्यातलं वाईच मला बी द्या."

"तुला?"

"डाव्या अंगाला एक हाय. उजव्या अंगाला एक बी न्हाई." तो मान खाली घालून बोलत होता. "मला चावंना. माझी चंची हलकी दिसायला पायजे म्हणून मी रोज तुमच्यात आणून टाकत हुतो."

आधी सेवेरो हसला. सोललेल्या गालानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि मग तो सबंध बांध हसायला लागला. "गावाचं भलं हुऊ दे!" कुणीतरी गुमर्सिंदोचा आवाज काढला. ताता हसता हसता त्याच्या ओंजळीत लगदा घालत होते. गुमर्सिंदोही हसत होता, कान लाल करून. वरून नोएमी विचारत होती, "काय झालं? काय झालं?" आणि तिला सांगायला कुणाला सवड नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर अर्धं गाव जमलं. नोएमीनं चंची काट्यावर ठेवली. आकडा थरथरला आणि थांबला. एकेचाळीस ग्रॅमनं कमी. तिनं चंची उचलली, काटा पुसला, परत ठेवली.

"लिही पोरी," ताता म्हणाले. "खाल्लंय मी."

तिनं लिहिलं. गाल सोलल्यावर शुक्रवारपासून सेवेरोचा हात आपोआप आखडला होता, तरी त्याच्या आकड्यांपुढं तिनं खूण केली आणि म्हणाली, "दादा, तुमचे पहिले चार दिवस मी धरत नाही." गुमर्सिंदोचे सगळे सात दिवस तिनं कापले. मग कागदाच्या तळाशी, जिथं काही लिहायचं नसतं त्या कोऱ्या जागेत, तिनं बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं. काय लिहिलंस, असं मी विचारलं. "इथं पान हातातून हातात फिरतं, म्हणून एकट्याची चंची तोलून चालत नाही. आणि म्हातारी माणसं कुटून खातात, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. ती निघाली तेव्हा मी तिच्या टाचांना बांधायला पानांचा लेप दिला.

आमचे दहा कागद बाद झाले नाहीत. देशाचा आकडा लागायला आठ महिने लागले, तो आमच्या फुगवलेल्या आशेपेक्षा कमी होता आणि भीतीपेक्षा पुष्कळ जास्त. वरचा उतार कागदावर राहिला. शिपाई आले नाहीत. सेवेरोचा गाल भरून आला, आता तो रोजचं तेवढंच खातो आणि रात्री जेवतो. ट्रकवाला चुलतभाऊ मागच्या सणाला आला तेव्हा तातांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि सोडा का घालू नये यावर तासभर बोलले.

गेल्या महिन्यात पुन्हा मोजणी आली. नोएमी नाही, दुसरा पोरगा, जाड भिंगाचा. पुन्हा चिठ्ठ्या, आणि काय योग बघा, पुन्हा आमचं घर. यंदा सबंध घराच्या चंच्या एकत्रच तोलायच्या होत्या, आणि कागद लांब होता. तो ओट्यावर बसून एकेक प्रश्न वाचत गेला. चौदाव्या प्रश्नाला तातांनी त्याला थांबवलं.

"परत वाच."

"पान अख्खं खाता की कुटून?"

"अजून एकदा."

त्यानं पुन्हा वाचलं. ताता माझ्याकडे बघून पुढचे चार दात दाखवून हसले. सबंध देशाच्या कागदावर, डोंगरापासून खाणीपर्यंत प्रत्येक दारात, तो प्रश्न विचारला जात होता.

"लिही, कुटून," ताता म्हणाले. "सून कुटती. ते लिवायला जागा हाय का?"

पोरानं कागद उलटसुलट केला. "नाही आजोबा. कोण कुटतं त्याला रकाना नाही."

"मग म्होरल्या येळंला करा," ताता म्हणाले, आणि माझ्यापुढं दोन्ही हातांची ओंजळ धरली.